मधुमालती कॉलनीत आलेली टोळी

कल्याणची जालन्याला बदली झाल्याचं जाफराबादेत कळलं आणि ज्याला त्याला सल्ला द्यायची हुक्की आली. सल्ल्याची सुरुवात ठरलेली असायची. "शाळा कोणती बघितली?"

"शाळा न्हाई बघितली. लेकरं न्हाईत आमाला," कल्याण सांगायचा.

मग समोरचा माणूस थोडा वेळ स्वतःच्या चपलेकडे बघायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "मंग तुमाला काय, कुठंबी राहा."

हे 'कुठंबी राहा' ऐकून कल्याणच्या बायकोचे, वंदनाचे, कान किटले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, रेणुकाईची ओटी भरून झाली आणि एका उन्हाळ्यात नवरा-बायकोनं समजुतीनं तो विषय बंद करून टाकला. त्यांचा बंद झाला. लोकांचा चालूच राहिला.

"लेकरं नसलेल्या माणसाला कान नसतेत काय?" भाकरी थापता थापता वंदना म्हणाली. "त्याला झोप लागत न्हाई? आपल्यालाबी बराबर घर लागतंच की."

बराबर घर म्हणजे काय, ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. जाफराबादेत त्यांच्या खिडकीला लागून शाळेचं मैदान होतं. सकाळी प्रार्थना, मग कवायतीची शिट्टी, मग पाढे, आणि सव्वीस जानेवारी जवळ आली की लेझीम. वंदनाला अर्धशिशीचा त्रास. एकदा डोकं बांधून पडल्या पडल्या तिला तेराचा पाढा चुकलेला ऐकू आला. ती उठली, खिडकीतून अख्ख्या वर्गाला पाढा दुरुस्त करून दिला आणि परत येऊन पडली. त्यामुळे जालन्यात तिची अट एकच होती. दुपारी शांतता पाहिजे.

घर शोधायचं काम कल्याणच्या मावसभावाकडे, अंगदकडे, आलं. अंगदचं जालन्यात फरशीचं दुकान होतं, त्यामुळे कुणाचं घर कुठं बांधून झालंय ते त्याला ठाऊक असायचं. पण घर भाड्यानं घ्यायचं ते लेकरांच्या सोयीसाठी, याच्या पलीकडे त्याची अक्कल चालत नव्हती.

"वहिनी, हे बघा," पहिल्याच घरापुढे तो हात पसरून म्हणाला. "गेटातून निघालं की समोर शाळा. लेकरू रस्ता न वलांडता थेट वर्गात!"

"कुणाचं लेकरू?"

"म्हंजे... समजा."

"काय समजू?"

अंगद पुढच्या घराकडे निघाला. दुसऱ्या घराखाली शिकवणी वर्ग निघाला, तिसऱ्यासमोर घसरगुंडी. चौथ्या घराच्या मालकानं तर कमालच केली. "लेकरं न्हाईत? मंग तीन खोल्या काहून लागून राह्यल्या तुमाला? एकमेकापासून लपायला?" कल्याणला हसू आलं होतं, पण त्यानं वंदनाकडे बघितलं आणि ते गिळलं.

शेवटी अंगदनं मधुमालती कॉलनीचं नाव काढलं. गावाच्या कडेला नवी वस्ती, रामराव नावाच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचा वरचा मजला रिकामा. "बिलकुल शांत हाय, वहिनी. म्या सकाळीच बघून आलो. पाखरूबी वरडत न्हाई."

"सकाळी कोणतीबी गल्ली शांतच असती," वंदना म्हणाली. "लेकरं शाळेत, मानसं कामावर. शाळा सुटल्यावर तिचं खरं तोंड दिसतं. मडकं घेतानी आपण वाजवून घेतो का न्हाई? मंग गल्ली काहून न्हाई वाजवायची?"

कल्याणला हे पटलं. त्यानं रजा टाकली आणि मार्चातल्या एका दुपारी दोघं मोटरसायकलवरून गल्ली वाजवायला निघाले.

जाता जाता त्यांनी मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानातून रिकामी पोती आणि दोरीचं बंडल घेतलं. घर हलवायचं तर भांडीकुंडी भरायला पोती लागतातच. पोती त्यांनी गाडीमागे बांधली. कॉलनीत पोचले तर रामरावांच्या गेटला कुलूप. फोन लावला तर ते पिंपळगाव रेणुकाईला पाहुण्यांच्या जेवणावळीत.

"मी सांजच्याला येतो," रामराव तोंडात घास ठेवून म्हणाले. "तवर बसा तिथंच कुठंबी."

समोर लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. दोघं तिथं बसले. ऊन मी म्हणत होतं. वंदनानं डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि कल्याणनं नाकावरून दस्ती बांधली होती. उन्हाळ्यात मोटरसायकलवर सगळेच असे हिंडतात, त्यात वावगं काही नव्हतं. वंदनाचं डोकं ठणकायला लागलं होतं, म्हणून तिनं पर्समधल्या बाटलीतलं निलगिरीचं तेल एका रुमालावर टाकलं आणि तो ती सारखा हुंगत राहिली.

इतक्यात शाळेची गाडी आली आणि गल्लीत एकदम लेकरंच लेकरं झाली. कल्याणनं लगबगीनं मोबाईल काढला. आवाज मोजायचं एक अ‍ॅप त्यानं मुद्दाम उतरवून घेतलं होतं. मोबाईल लेकरांकडे धरून तो बारकाईनं आकडा बघायला लागला. एक पोरगं इकडून तिकडं पळालं, तसा मोबाईलही तिकडं वळला.

"किती?" वंदनानं विचारलं.

"लई न्हाईत. जमण्यासारखे हायेत."

गाडीतून उतरलेली एक लहानशी पोरगी बाकापाशी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे टकामका बघायला लागली. राजनंदिनी, असं तिच्या दप्तरावर लिहिलेलं होतं. वंदनाला वाटलं, गल्लीची माहिती हिच्याइतकी खरी कोण देणार?

"बाळा, तुमी खेळायला बाहेर कधी येता गं?"

"आई पार्लरमध्ये असली की."

"मंग दुपारी घरी कुणी नसतं?"

"आजी असती. पण तिला ऐकू येत न्हाई."

"नशीबवान हाय बाई तुझी आजी!" वंदना मनापासून म्हणाली.

राजनंदिनीची आई, अक्षता, त्या वेळी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या आपल्या पार्लरमध्ये एका बाईच्या भुवया कोरत होती. आरशात तिला बाक दिसला. बाकावर तोंड बांधलेली दोन माणसं. माणूस लेकरांचा व्हिडिओ काढतोय, बाई रुमाल हातात घेऊन आपल्या पोरीशी गोड बोलतेय, आणि गाडीवर पोती आणि दोरी. लेकरं धरणारी टोळी हिंडतेय, सावध राहा, असा मेसेज तिच्या मोबाईलवर सकाळीच आला होता. तो दर मार्चात येतो. पण दर मार्चात पोती घेऊन कुणी बाकावर येऊन बसत नाही.

अक्षतानं दारातून फोटो काढला, कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "लेकरं आत घ्या! जल्दी!"

पाखरं उडावीत तशी लेकरं उडाली. क्षणात गल्ली अगदी शांत झाली.

"बघा," वंदना खूश होऊन म्हणाली. "बाईनं एक आवाज दिला, सगळी आत. शिस्त हाय इथं. घेऊन टाकू घर."

तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत गेटागेटातून माणसं बाहेर आली. कुणाच्या हातात झाडू होता, कुणाच्या हातात क्रिकेटची बॅट. पार्लरमधली बाईही एकच भुवई झालेली तशीच धावत आली. त्या अर्ध्या तोंडानं ती फार रागीट दिसत होती आणि कल्याणला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटली.

कॉलनीचे अध्यक्ष दीनानाथ पुढे झाले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण चौकशी करायची सवय निवृत्त झाली नव्हती. "आधी तोंडावरचं काढा. येथे येण्याचं प्रयोजन सांगा."

"घर बघायला आलो हाव. रामरावचं," कल्याण दस्ती सोडत म्हणाला.

"रामराव गावात नाहीत."

"ते म्हायती हाय आमाला."

"ऐका!" अक्षता म्हणाली. "मालक घरी न्हाई हेबी काढून ठेवलंय! आन् माझ्या पोरीला काहून इचारत होत्या, घरी कोण असतं म्हनून?"

"तुमची लेकरं किती आवाज करतेत, ते बघायला आल्तो," वंदना म्हणाली.

"तुमची लेकरं किती?" दीनानाथांनी विचारलं.

"न्हाईत."

"म्हणजे घरी आहेत?"

"न्हाईत म्हंजे न्हाईत! झाली न्हाईत!"

गर्दीत कुजबुज झाली. स्वतःचं लेकरू नाही, दुसऱ्याच्या लेकरांची चौकशी, आणि मागं पोती. एका माणसानं वंदनाच्या हातातला रुमाल घेऊन हुंगला. निलगिरी भसकन नाकात गेली आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"गुंगीचं औषध!" तो रुमाल फेकून खाली बसला. "धरा मला!"

"डोकेदुखीचं हाय वो ते!" वंदना ओरडली. पण तोवर लोकांनी त्याला वारा घालायला सुरुवात केली होती.

"पोलिसांना बोलवा!" कुणीतरी म्हणालं.

"बोलवा की," कल्याण हात जोडून म्हणाला. "लवकर बोलवा. मीच सांगून राह्यलो ना."

चोरच पोलीस मागतोय म्हटल्यावर लोक जरा गोंधळले. तेवढ्यात कल्याणच्या खिशातला मोबाईल वाजला. दीनानाथांनी तो ताब्यात घेतला. मेसेज अंगदचा होता. सोबत अक्षतानं काढलेला, एव्हाना गावभर फिरलेला, मोटरसायकलवरच्या पोत्यांचा आणि बाकावरच्या दोन तोंड बांधलेल्या माणसांचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, "दादा, वहिनीला सांभाळा. हे दोघं जालन्यात हिंडून राह्यले. बाई लई डेंजर हाय म्हन्तेत."

"हा कोण?" दीनानाथांनी विचारलं.

"माझा मावसभाऊ. त्यालाच इचारा, हा कल्याण कोण ते."

दीनानाथांनी स्पीकरवर फोन लावला. "आपले बंधू कल्याण यांना आम्ही लेकरं पळवण्याच्या संशयावरून येथे थांबवून ठेवलं आहे. त्यांच्याबद्दल काय सांगाल?"

पलीकडे अंगद आधी गारठला आणि मग भावाच्या प्रेमापोटी भडाभडा बोलायला लागला. "साहेब, तसली मानसं न्हाईत ती! लेकरं कशाला पळवतील? वहिनीला तर लेकरांचा आवाजबी सहन व्हत न्हाई! लेकरू दिसलं की त्यांचं डोकं उठतं!"

गर्दी एक पाऊल पुढे सरकली. कल्याणनं डोळे मिटून घेतले.

"अंगदभाऊ," वंदना दातओठ खात म्हणाली, "तुमी फरशीच इका."

याच वेळी अक्षतानं आजूबाजूला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "राजू कुठाय?"

राजनंदिनी कुणाच्याच कडेवर नव्हती. बाकीची लेकरं एव्हाना पुन्हा बाहेर येऊन आपापल्या आईच्या मागे उभी होती. ती नव्हती. अक्षता धावत आपल्या घराकडे गेली, दार ढकललं, बेल वाजवली, हाका मारल्या. आतून काही नाही. ती परत आली ती थेट वंदनाच्या अंगावर. "कुठं ठिवली माझी पोरगी? सांगा! तुमच्या पाया पडते, सांगा!"

आता कुणाला हसू येण्यासारखं राहिलं नव्हतं. लोकांनी मोटरसायकलवरची पोती ओढून काढली, झटकली. त्यातून थोडा भुसा पडला. बॅटवाला माणूस कल्याणच्या कॉलरपर्यंत आला. कल्याण वंदनाच्या पुढे सरकून उभा राहिला. "तिला हात लावायचा न्हाई. मला काय करायचं ते करा."

वंदनाला मात्र समोर ती बॅट दिसतच नव्हती. तिला अक्षताचे जोडलेले हात दिसत होते. तिनं ते दोन्ही हात धरले. "ताई, इकडं बघा माझ्याकडं. दार बंद हाय ते कुठून? बाहेरून का आतून?"

"आतून. कडी हाय."

"मंग आतून कडी कुणी लावली? तुमच्या सासूबाईनं?"

"न्हाई... त्या झोपल्या की दार लोटलेलंच असतं. राजू येती ना शाळेतून..." अक्षता थांबली. "अनोळखी मानूस दिसला की घरात जायचं आन् कडी लावायची, असं मीच सांगून ठिवलंय तिला."

"मंग पोरगी घरात हाय. शहाणी हाय तुमची पोरगी. तुमी सांगितलं तसंच तिनं केलं. घरात बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. सगळे टोळी बघण्यात गुंतले होते.

अख्खी कॉलनी अक्षताच्या घरापुढे आली. दार वाजवून झालं, खिडक्या ठोकून झाल्या. आतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. पण आत पोरगी आहेच, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आईचा जीव थाऱ्यावर कसा येणार? वरच्या गॅलरीचं दार उघडं होतं. शेजारच्या बांधकामावरून शिडी आणली गेली आणि मग चढायचं कुणी, असा प्रश्न आला. दीनानाथांचे गुडघे गेलेले. बॅटवाल्याचं पोट शिडीला पेलणार नव्हतं. निलगिरीवाल्याला अजून नीट दिसत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू सडपातळ कल्याणवर येऊन थांबल्या.

"तुम्हाला जमेल," दीनानाथ म्हणाले.

"काहून? मी चोर हाय म्हनून?"

"तसं नाही. वजन कमी आहे म्हणून."

कल्याण चढला. ज्या लोकांनी त्याला लेकरांचा चोर म्हणून धरलं होतं, तेच आता खालून शिडी धरून "सांभाळून भाऊ, डावा पाय ठिवा, हां, आता गजाला धरा" असं सांगत त्याला परक्याच्या घरात घुसवत होते. गॅलरीतून आत जाऊन तो जिना उतरला. मागच्या खोलीत कूलरपुढे अक्षताच्या सासूबाई, नंदाबाई, घोरत होत्या आणि त्यांच्या कुशीत शाळेच्या गणवेशात, बुटांसकट, राजनंदिनी गाढ झोपली होती.

कल्याणच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं मोठा सुस्कारा टाकला. तो सुस्कारा नंदाबाईंना ऐकू आला नाही, पण त्याची सावली त्यांच्या तोंडावर पडली. त्यांनी डोळे उघडले. भर दुपारी घरात परका माणूस, आणि तो नातीकडे बघून हसतोय! नंदाबाईंनी उशाची काठी उचलली.

"मेल्या, दिवसाढवळ्या!"

बाहेर गल्लीत काठीचा आवाज आला, मग कल्याणचा. मग पुढच्या खोलीत धडधड, मग पुन्हा काठी, मग कडी उघडली आणि कल्याण पाठ धरून बाहेर पडला. "हाय! पोरगी हाय! झोपली हाय!" एवढं ओरडून तो पायरीवर बसला. त्याच्यामागून काठी घेऊन नंदाबाई आल्या, आणि त्यांच्या मागून डोळे चोळत राजनंदिनी.

अक्षतानं पोरीला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. आजूबाजूच्या बायकाही पदर डोळ्याला लावायला लागल्या. वंदनानं कधी ओढणी डोळ्याला लावली, ते तिलाही कळलं नाही. त्या दिवशी त्या गल्लीत बॅट होती, झाडू होते, सगळी तयारी होती. पण कल्याणनं मार खाल्ला तो ज्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं, त्यांचा. आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट पाठ चोळत तो येडबंबूसारखा हसत होता.

त्यानंतर सरबराईला नुसता ऊत आला. पोहे आले, सरबत आलं. बॅटवाल्यानं पोत्यांच्या नीट घड्या घालून ती पुन्हा गाडीला बांधून दिली. नंदाबाईंनी स्वतःच्या हातानं कल्याणच्या पाठीला हळद-तेल लावलं आणि लावता लावता, "पण घरात शिरायचं कसं, ते बिलकुल कळत न्हाई तुला," असं बजावलं. दीनानाथांनी कॉलनीच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली आणि ती व्यक्त झाल्याचं सगळ्यांकडून वदवून घेतलं. संध्याकाळी रामराव परतले, तर त्यांच्या भावी भाडेकरूंभोवती अख्खी कॉलनी गोळा झालेली. "लई वळख हाय तुमची इथं," ते नवलानं म्हणाले आणि त्यांनी वरच्या मजल्याचं कुलूप उघडून दाखवलं.

घर चांगलं होतं. वारा होता, उजेड होता. दोघांनी "उद्या कळवतो" असं सांगून निरोप घेतला.

परतीच्या वाटेवर ते राजूरला चहाला थांबले. दिवस मावळत होता. बाकड्यावर टेकताना कल्याणच्या पाठीतून कळ आली.

"सुटलो बाई एकदाचे," तो म्हणाला. "अंगदला फोन करतो. म्हनावं, दुसरीकडं कुठंबी बघ. त्या कॉलनीत पुन्यांदा पाय ठिवायचा न्हाई."

"तिथंच राहायचं," वंदना म्हणाली.

"डोकं ठणकून राह्यलं का तुझं?"

"ठणकत न्हाई. तेच सांगून राह्यले." ती शांतपणे चहाच्या पातेल्याकडे बघत होती. "अहो, दुसरीकडं कुठंबी गेलो तरी महिनाभर प्रत्येक दारात एकच प्रश्न. लेकरं किती? मंग न्हाईत म्हनायचं. मंग काहून न्हाईत. मंग अमक्या डॉक्टरला दाखवा. इथं अख्ख्या गल्लीनं एकाच टायमाला इचारून घेतलं. चारचौघात, वरडून. आता सगळ्यायला म्हायती हाय, आन् इचारायची कुणाची छातीबी व्हायची न्हाई."

"आन् आवाज?" कल्याणनं पाठ चोळत विचारलं.

"चालंल थोडा. पोरगी शहाणी हाय ती."

हॉटेलवाली बाई चहाचे कप घेऊन आली. बायका विचारतात तसंच तिनं सहज विचारलं, "कुठलं गाव? लेकरं कोणत्या शाळेत हायेत?"

सवयीनं कल्याणचा हात कपावरच थांबला. वंदनानं मात्र चहाचा एक घोट घेतला.

"लेकरं न्हाईत," ती म्हणाली. "आज जालन्याला एक धरायला गेल्तो, पण जमलं न्हाई."

आणि ती हसायला लागली. इतकी, की चहा बशीत सांडला. कल्याणनं तिला या प्रश्नावर हसताना कधी बघितलंच नव्हतं. तोही हसत सुटला, पाठ दुखत असूनही.

हॉटेलवालीची नजर हळूच मोटरसायकलवरच्या पोत्यांकडे गेली. तिनं पायाशी खेळणाऱ्या आपल्या पोरीला उचलून आत नेलं आणि बाहेर आली ती मोबाईल घेऊनच.

"ऊठ," कल्याण कप खाली ठेवत म्हणाला. "जल्दी ऊठ. आन् हसू नको, फोटोत वळखू येशील."